कोडात कॉमेंट किती, कुठे आणि कोणत्या भाषेत?

सातपूरकर

नमस्कार मंडळी. नाशिकच्या सातपूरला आमची सहा जणांची टीम आहे. कांदा व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करतो: भुईकाट्यावरून वजन घेणं, लिलावाचा भाव चढवणं, शेतकऱ्याची हिशोबपट्टी छापणं. सर्व्हरचा भाग पायथनमध्ये, पडद्याचा जावास्क्रिप्टमध्ये, एक जुना भाग जावात, डेटाबेस मायएसक्यूएल.

टीममध्ये कॉमेंटवरून (कोडातल्या, मशीन सोडून देतं अशा माणसांसाठीच्या टिपा) दोन तट पडलेत. एक म्हणतो, चांगल्या कोडाला कॉमेंट लागतच नाही. लागली तर कोड सुधारा. दुसरा म्हणतो, प्रत्येक फंक्शनवर कॉमेंट सक्तीची करा, नसेल तर मर्जच (मुख्य कोडात मिसळणं) होऊ देऊ नका. पुढच्या महिन्यात दोन फ्रेशर येतायत, त्यांना एका पानात मावेल असा नियम द्यायचा आहे. प्रश्न तीन: काय लिहायचं, कधी लिहायचं, आणि मराठीत लिहायचं की इंग्रजीत?

सध्याचा नमुना हा, # ने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे कॉमेंट. (नावं आणि अंक इथे वाचायला सोपे म्हणून देवनागरीत केलेत. पायथन ३ ला देवनागरी नावं चालतात, अंक मात्र कोडात इंग्रजीच लागतात.)

# निव्वळ वजन काढा
निव्वळ = भरलेलं - रिकामं
# शंभराने भागा
क्विंटल = निव्वळ / १००
# भावाने गुणा
रक्कम = क्विंटल * भाव
# गोल करा
रक्कम = गोल(रक्कम)

यातलं काय ठेवावं?

---

अर्धविराम

चारही कॉमेंट काढा. वजाबाकीच्या वर "वजाबाकी करा" लिहिल्याने कोणाला काही कळत नाही, आणि उद्या कोणी खालची ओळ बदलली की वरची खोटी पडते. पण "मग कॉमेंट नकोच" असाही याचा अर्थ नाही. या चार ओळींत ज्या गोष्टी कळायला हव्या होत्या, त्यातली एकही लिहिलेली नाही.

पहिली गोष्ट एकक. भरलेलं वजन किलोत आहे की टनात? शंभराने भागलंय म्हणजे किलो असावं, हा वाचणाऱ्याचा अंदाज झाला. एकक शक्यतो नावातच घाला: भरलेलं_किलो. कॉमेंट फाइलच्या वरच्या टोकाला राहते, नाव मात्र जिथे जिथे व्हेरिएबल जातं तिथे सोबत जातं. चारशे ओळी खाली कोणी टनातला आकडा त्यात भरायला गेलं की नावच अडवतं.

दुसरी गोष्ट ते "गोल करा". खरी मेख इथे आहे. पायथन ३ चं अंगभूत राउंड फंक्शन बरोबर मधला आकडा जवळच्या सम अंकाकडे नेतं: २.५ चे २ होतात, ३.५ चे ४. जावास्क्रिप्टचं राउंड २.५ चे ३ करतं. म्हणजे सर्व्हरने छापलेली पट्टी आणि पडद्यावरची रक्कम यांत कधीतरी एक रुपयाचा फरक येणार, आणि तो रोज येणार नाही म्हणूनच सापडणार नाही. उणे रकमेला आणखी वेगळं: जावास्क्रिप्टमध्ये उणे २.५ चे उणे २ होतात. कपातीच्या ओळी उणे धरत असाल तर तेही तपासा.

मी असं लिहीन:

# सगळी वजनं किलोत. भाव रुपये प्रति क्विंटल, लिलावात पुकारला तसा.
निव्वळ_किलो = भरलेलं_किलो - रिकामं_किलो
रक्कम = निव्वळ_किलो * भाव / १००
# बरोबर पन्नास पैसे असतील तर वरचा रुपया. अंगभूत राउंड वापरू नका: ते सम
# रुपयाकडे नेतं आणि पट्टी व पडदा यांच्यात एका रुपयाचा फरक पडतो.
पट्टी_रक्कम = रुपयात_गोल(रक्कम)

रक्कम साध्या फ्लोटमध्ये (दशांश आकडे अदमासे साठवणारा प्रकार) ठेवू नका, डेसिमल प्रकारात ठेवा आणि गोल करण्याची पद्धत स्पष्ट सांगा. हे कॉमेंटने सुटणारं काम नाही. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. त्यावर कितीही छान कॉमेंट लिहिली तरी पैसे चुकायचे ते चुकतातच.

माझी कसोटी एकच: ही कॉमेंट वाचून पुढचा माणूस एखादा चुकीचा बदल करायचा थांबेल का? थांबणार असेल तर ठेवा. वरची राउंडची कॉमेंट नसेल तर कोणीतरी हुशार माणूस "हे स्वतःचं फंक्शन कशाला, अंगभूत आहे की" म्हणून ते काढणार, आणि रिव्ह्यू करणाराही (बदल तपासणारा सहकारी) हो म्हणणार.

आणखी एक जागा, जिथे जवळपास नेहमी कॉमेंट लागते: जे कोडात *नाही* ते. पट्टीच्या फंक्शनात अडत (अडत्याचं कमिशन) दिसत नाही, म्हणून नवीन मुलगा ती घालायला जाईल. तिथे हवं:

# अडत इथे मुद्दाम वजा केलेली नाही. महाराष्ट्रात फळं-भाजीपाल्याची अडत
# जुलै २०१६ पासून खरेदीदाराकडून घेतात; खरेदीदार_बिल हे फंक्शन बघा.

एखादी गोष्ट जाणूनबुजून केलेली नाही, हे कोड स्वतःहून कधीच सांगू शकत नाही. पहिल्या तटाच्या मंडळींना एवढंच विचारा: वरची ओळ कोणत्या नावात बसवाल?

---

गोदाकाठ_बॅकएंड

अर्धविराम यांच्याशी सहमत. सक्तीच्या नियमाबद्दल थोडं.

प्रत्येक फंक्शनवर कॉमेंट सक्तीची केली की काय होतं ते ठरलेलं आहे. "शेतकरी_आणा" या फंक्शनवर "शेतकरी आणतं" असं लिहून येतं, टूल खूश, मर्ज. अशा शंभर ओळी साचल्या की वाचणारा कॉमेंटवरून नजर सरकवायला शिकतो, आणि एकशे एकावी कामाची असते तीही सरकते. जावातल्या गेटर-सेटरवरच्या (एखादी किंमत नुसती वाचणारी-लिहिणारी फंक्शनं) कॉमेंट हा याचा सगळ्यात जुना नमुना.

सक्ती करायचीच तर फक्त सीमेवरच्या फंक्शनांवर करा: जी दुसऱ्या मॉड्यूलमधून किंवा दुसऱ्या टीमकडून बोलावली जातात. तिथे डॉकस्ट्रिंग (फंक्शनच्या सुरुवातीला लिहिलेली त्याची माहिती) हवी, कारण बोलावणाऱ्याने आतला कोड वाचावा अशी अपेक्षा नसते. पायथनसाठी पेप २५७ मध्ये (पेप म्हणजे पायथनचे अधिकृत प्रस्ताव-दस्तऐवज) याचे संकेत आहेत: पहिली ओळ एका वाक्यात, पूर्णविरामासह, मग एक रिकामी ओळ, मग तपशील. तपशिलात काय घ्यायचं, काय परत द्यायचं, कोणती चूक कधी फेकली जाते, आणि बाजूला काय घडतं (डेटाबेसात लिहिलं जातं का, एसएमएस जातो का). हे शेवटचं लोक सर्रास विसरतात. "पट्टी_बनवा" बोलावल्यावर शेतकऱ्याला मेसेजही जात असेल, तर टेस्ट लिहिणाऱ्याला ते आधी कळायला हवं.

रिकाम्या किमतीचा अर्थही तिथेच. भाव शून्य म्हणजे मालाला बोलीच लागली नाही, आणि भाव रिकामा म्हणजे अजून चढवलेला नाही, असा फरक तुमच्या डेटात असणारच. तारखांच्या टोकांचंही तसंच: १ एप्रिल ते ३१ मार्च, दोन्ही दिवस धरून की शेवटचा सोडून? "पर्यंत" एवढंच लिहून भागत नाही.

डॉकस्ट्रिंगमध्ये एक-दोन उदाहरणं घातली तर पायथनचं डॉकटेस्ट ती चालवून बघतं, आणि कोड बदलल्यावर उदाहरण जुनं राहिलं तर टेस्ट पडते. कॉमेंट खोटी पडल्याचं मशीनने ओरडून सांगावं, अशी ही एकच जागा मला माहीत आहे. फक्त लक्षात ठेवा, डॉकटेस्ट छापलेला मजकूर अक्षराला अक्षर जुळवून बघतं; एक स्पेस इकडेतिकडे झाली तरी नापास. म्हणून उदाहरणं लहान ठेवा, मोठ्या डिक्शनरी छापू नका.

फंक्शनच्या आतल्या कॉमेंटला सक्ती नको. तिथे भुईकाट्याच्या वाचनासारख्या जागा शोधा:

# ट्रॉली थांबेपर्यंत काट्याचा आकडा हलत राहतो. सलग तीन वाचनं सारखी
# आल्याशिवाय वजन धरू नका. सरासरी मुद्दाम काढत नाही: ट्रॉली चढतानाचं
# अर्धवट वजनही तिच्यात मिसळतं.

यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. जो पर्याय सहज सुचतो आणि चालत नाही, तो का चालत नाही ते लिहून ठेवा. नाहीतर दर सहा महिन्यांनी कोणीतरी तोच पुन्हा घालतो.

---

रांगडा

दर आणि तारखा कॉमेंटमध्ये लिहिणाऱ्यांसाठी हे. नाशिकमधल्या कांद्याच्या कोडात हा रोग फार.

निर्यातशुल्काचंच बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदीच आली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलरचं किमान निर्यातमूल्य राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. आता हे सगळं एका आकड्याच्या शेजारी कॉमेंटमध्ये लिहिलेलं असेल, जुने आकडे कॉमेंट करून ठेवलेले असतील, तर २०२४ चं बिल पुन्हा छापायची वेळ आली की तुमचं सॉफ्टवेअर शून्य टक्के लावणार. ती माहिती माणसाला आहे, प्रोग्रामला नाही.

म्हणून: जे तारखेनुसार बदलतं ते तक्त्यात. एक कॉलम लागू तारीख, एक दर. कॉमेंट फक्त तक्त्यावर, दोन ओळींची: लागू तारीख त्या दिवसासह धरायची, आणि तुलना बिलाच्या कोणत्या तारखेशी करायची. ही दुसरी गोष्ट सीएला विचारून लिहा, मनाने ठरवू नका.

कॉमेंट करून ठेवलेला कोड सरळ उडवा. "लागेल कधीतरी" म्हणून ठेवलेल्या तीस ओळी कंपायलर तपासत नाही, टेस्ट चालवत नाही, भोवतालची नावं बदलली की त्या चालण्याच्या लायकीच्याही राहत नाहीत. गिटमध्ये (कोडाचा प्रत्येक बदल जपणारं टूल) त्या आहेतच. गिटच्या लॉगला मोठ्या एसचा पर्याय (-S) आणि शोधायचा शब्द दिला, की तो शब्द कोणत्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) आला आणि कोणत्या कमिटमध्ये गेला ते मिळतं. तात्पुरतं बंद ठेवायचं असेल तर सेटिंगमध्ये स्विच करा.

टूडू (पुढे करायच्या कामाची टीप) लिहायचा तर त्यात तिकीट नंबर आणि तो कधी काढता येईल याची अट हवी. "टूडू: नंतर सुधारणे" ही कॉमेंट नव्हे. "टूडू ३१२: जुना काटा बदलला की ही फांदी काढा" ही कॉमेंट. नंबर नसलेला टूडू बिल्डच्या वेळी साध्या शोधाने पकडून अडवता येतो. सक्ती करायचीच हौस असेल तर ती इथे करा.

जाता जाता: एआय टूलने लिहून दिलेल्या कोडात ओळीगणिक कॉमेंट येतात. त्या कोडाचंच पुन्हा वाचन असतात, कारण बाजार समितीचा नियम किंवा तुमच्या काट्याचा स्वभाव त्याला कोणी सांगितलेला नसतो. मर्जच्या आधी काढा, आणि जिथे खरंच कारण हवं तिथे स्वतः लिहा.

---

ऱ्हस्वदीर्घ

भाषेचा प्रश्न राहिला, तो मी घेतो.

पायथनच्या पेप ८ मध्ये म्हटलंय की कॉमेंट इंग्रजीत लिहा, आपली भाषा न येणारं कोणीही हा कोड कधी वाचणार नाही याची १२० टक्के खात्री असेल तरच अपवाद. व्यवहार म्हणून सल्ला बरोबर आहे: कोड उद्या पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या टीमकडे गेला तर अडू नये. पण तुमच्याकडे मोडक्या इंग्रजीत अर्धवट कारण लिहिलं जात असेल आणि मराठीत पूर्ण लिहिलं जात असेल, तर मी मराठी घेईन. फक्त एका रिपॉझिटरीत एकच भाषा ठेवा, आणि बाजारातले शब्द (अडत, तोलाई, काटापट्टी) दोन्हीकडे जसेच्या तसे.

मराठी ठरवलंत तर तांत्रिक बाजू आधी नीट लावा.

जावा: जेडीके (जावाचा कंपायलर वगैरेंचा संच) १८ पासून डिफॉल्ट एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ आहे. त्याआधी ते ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून होतं. त्यामुळे विंडोजवर जुना जावा असेल तर देवनागरी कॉमेंटवर अक्षर ओळखता न आल्याच्या तक्रारी येतात, तोच कोड लिनक्सवर मुकाट कंपाइल होतो. बिल्डच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. पायथन ३ ला सोर्स फाइल यूटीएफ-८ च अपेक्षित असते, तिथे काही करायला नको.

शोध: इथे बहुतेकांची फसगत होते. "शेतकऱ्याला" यातला ऱ तीन प्रकारे टाइप होऊन येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर (यूनिकोड ०९३१) आणि हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही जवळपास सारखेच दिसतात, पण एडिटरमधला शोध एकाला दुसरा मानत नाही. पहिले दोन यूनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित रूपात आणले की एक होतात. तिसरा होत नाही, तो वेगळाच अक्षरक्रम आहे आणि हाताने बदलावा लागतो. म्हणून टीमने कीबोर्ड लेआउट एकच ठरवावा, आणि कमिटच्या आधी चालणाऱ्या हुकमध्ये फाइल एनएफसी करून घ्यावी व तो जोडक सापडला तर अडवावं. हुक लिहायला पायथनच्या दहा-बारा ओळी पुरतात.

चौकटी: तारकांची चौकट काढून आत मराठी मजकूर बसवू नका. मात्रा आणि जोडाक्षरांमुळे देवनागरीची रुंदी एडिटरनुसार बदलते, उजवी कड कधीच सरळ येत नाही. पेप ८ ची कॉमेंटसाठी ७२ अक्षरांची मर्यादाही देवनागरीत मोजायला जाऊ नका. मोजणारं टूल काना-मात्रा सुटे धरतं. डोळ्याने ठरवा.

आणि आकड्यांबद्दल एक कॉमेंट तुमच्या कोडात हवीच, नसेल तर घाला. पायथन ३ च्या रेजेक्समधला (मजकूर जुळवायच्या नमुन्यातला) "अंक" देवनागरी अंकांनाही जुळतो, आणि आकड्यात बदलणारं फंक्शनही १२ हे देवनागरीतलं निमूटपणे घेतं. जावास्क्रिप्टचा "अंक" फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. म्हणजे गाडी नंबर किंवा मोबाइल नंबर देवनागरीत टाइप केला तर सर्व्हर पास करणार, पडदा नापास. जिथे हे तपासता तिथे कोणतं वागणं हवंय ते लिहून ठेवा.

---

स्टॅकट्रेस_काका

सगळे कॉमेंटला निरुपद्रवी समजून चाललेत. तशी ती नसते. तुमच्याकडे जावा, जावास्क्रिप्ट आणि मायएसक्यूएल आहे, म्हणून एवढ्या जागा बघून ठेवा.

जावा: कंपायलर कॉमेंट ओळखायच्या *आधी* यूनिकोडची सांकेतिक रूपं उलगडतो. उलटी तिरकी रेघ आणि तिला चिकटून छोट्या लिपीतलं यू अक्षर आलं की पुढे चार हेक्स अंक हवेतच. कॉमेंटमध्ये युटिल्स नावाच्या फोल्डरचा विंडोज पाथ लिहिला की कंपाइलच होत नाही, आणि चूक कॉमेंटच्या ओळीवर दिसल्यामुळे माणूस चक्रावतो. पाथ लिहायचाच तर सरळ तिरकी रेघ वापरा.

जावा आणि जावास्क्रिप्ट दोन्ही: तारका-तिरकी रेघवाल्या कॉमेंटमध्ये क्रॉनचं (ठरल्या वेळी काम चालवणारं टूल) वेळापत्रक लिहू नका. दर पाच मिनिटांचं */५ यातल्या पहिल्या दोन चिन्हांनी कॉमेंट तिथेच बंद होते आणि उरलेला मजकूर कोड म्हणून वाचला जातो. फाइल शोधायच्या नमुन्यातल्या **/ मुळेही तेच. अशा ठिकाणी दोन तिरक्या रेघांची एकओळी कॉमेंट.

मायएसक्यूएल: दोन उणे चिन्हांनंतर स्पेस असेल तरच ती कॉमेंट. नसेल तर ५--१ म्हणजे पाच वजा उणे एक, उत्तर ६. दुसऱ्या डेटाबेसवरून आणलेल्या स्क्रिप्टमध्ये हे हमखास निघतं. आणि /*! ने सुरू होणारी कॉमेंट मायएसक्यूएल चालवतो! बाकीचे बहुतेक डेटाबेस तिला कॉमेंट समजून सोडतात. डंप फाइलमध्ये (डेटाबेसची मजकूर-प्रत) अशा पुष्कळ असतात, म्हणून "डंप साफ करू" म्हणत सगळ्या कॉमेंट उडवणारी स्क्रिप्ट चालवू नका.

एचटीएमएलमधली कॉमेंट ग्राहकाच्या ब्राउझरपर्यंत जाते, सोर्स उघडला की दिसते. टेस्टचा पासवर्ड, आतल्या सर्व्हरचा पत्ता, "हा व्यापारी उधारी बुडवतो" असली टीप, काहीही तिथे नको. टेम्प्लेट इंजिनाची स्वतःची कॉमेंट वापरा, ती सर्व्हरवरच गळते.

शिवाय ज्या कॉमेंट टूलला हुकूम देतात (लिंटरने, म्हणजे कोडातले दोष शोधणाऱ्या टूलने, ही ओळ सोडावी, टाइप तपासणी इथे थांबवा) त्यांना शेजारी कारण लागतंच. जावास्क्रिप्टच्या ईएसलिंट या लिंटरमध्ये नियम बंद करणाऱ्या कॉमेंटमध्येच दोन उणे चिन्हांनंतर कारण लिहिता येतं. नियमाचं नाव न देता सगळंच बंद करणारी कॉमेंट रिव्ह्यूमध्ये परत पाठवा.

---

सातपूरकर

अर्धविराम, काका, सगळ्यांचे आभार. "काय" आणि "भाषा" सुटलं. आम्ही इंग्रजी ठरवतोय, बाजारातले शब्द तसेच ठेवून. दोन गोष्टी राहिल्या. कधी लिहायचं? आणि जुन्या जावा भागात गेटर-सेटरवरच्या निरर्थक कॉमेंट हजारोंनी आहेत, त्या एकदम काढाव्यात का?

---

अर्धविराम

कधी: निर्णय घेताना. दोन पर्यायांतून एक निवडला की कारण त्याच मिनिटाला लिहा, संध्याकाळी ते आठवत नाही. "आधी कोड पूर्ण करू, मग कॉमेंट घालू" म्हटलं की हमखास "वजाबाकी करा" छापाच्या ओळी येतात, कारण तोवर डोक्यात कारण उरलेलं नसतं, समोर फक्त कोड असतो.

अवघड फंक्शनची डॉकस्ट्रिंग कोडाच्या आधी लिहून बघा. दोन वाक्यांत सांगता येत नसेल तर ते फंक्शन दोन कामं करतंय. तिथेच तोडा, पुढची मेहनत वाचते.

रिव्ह्यूची वेळ सगळ्यात कामाची. रिव्ह्यू करणाऱ्याने "हे असं का?" विचारलं आणि तुम्ही चॅटमध्ये उत्तर दिलंत, तर ते उत्तर कोडात गेलंच पाहिजे, नाव बदलून किंवा कॉमेंट म्हणून. चॅट पुढच्या वर्षी कोणी उघडत नाही. बग दुरुस्त केल्यावरही: सुधारलेली ओळ विचित्र दिसत असेल तर काय मोडलं होतं ते एका ओळीत आणि बग नंबर.

बदलाच्या वेळचा नियम: कॉमेंट आणि कोड एकाच कमिटमध्ये. इथे एक बारीक गोष्ट आहे. गिटचा डिफ (जुन्या-नव्यातला फरक) बदललेल्या ओळीच्या वर-खाली मुळात तीनच ओळी दाखवतो. कॉमेंट दहा ओळी वर असेल तर ती खोटी पडली हे रिव्ह्यू करणाऱ्याला दिसतच नाही. म्हणून फंक्शनच्या डोक्यावर मोठा परिच्छेद लिहिण्यापेक्षा प्रत्येक कारण त्याच्या ओळीला चिकटवून ठेवा.

कॉमेंट की कमिट संदेश, असा प्रश्न फ्रेशर विचारतीलच. पुढच्या माणसाला बदल करण्या*आधी* माहीत हवं ते कॉमेंटमध्ये. पूर्वी काय होतं, कोणी मागितलं, कोणते पर्याय मोजून पाहिले हा इतिहास संदेशात.

---

गोदाकाठ_बॅकएंड

जुन्या कॉमेंट काढायच्या तर काढा, पण वेगळ्या कमिटमध्ये, आणि त्या कमिटमध्ये कोडाची एकही ओळ बदलू नका. हजार ओळींच्या डिफमध्ये कोणी डोळ्याने तपासत नाही, म्हणून मशीनने तपासा. जावात: काढण्याआधीचा आणि नंतरचा कोड एकाच जेडीकेने, डीबग माहिती अजिबात न घालण्याचा पर्याय देऊन कंपाइल करा आणि क्लास फाइल बाइटला बाइट ताडून बघा. डीबग माहिती ठेवलीत तर ओळ क्रमांक सरकल्यामुळे सगळ्याच फाइल वेगळ्या दिसतील. पायथनमध्ये दोन्ही आवृत्त्यांचं सिंटॅक्स ट्री (कोडाची व्याकरणी रचना) छापून तुलना करा; हॅशवाल्या (#) कॉमेंट त्यात नसतातच, त्यामुळे काही फरक दिसला तर हात कोडाला लागलाय. डॉकस्ट्रिंग मात्र ट्रीमध्ये असते, ती काढली तर फरक दिसणारच, घाबरू नका.

सरसकट स्क्रिप्टने उडवू नका. हजार निरर्थक कॉमेंटमध्ये दहा-वीस खऱ्या दडलेल्या असतात ("रिकामं वजन जुन्या ट्रॉलीचं, दर हंगामाला पुन्हा घ्या" असल्या). आधी फक्त त्या काढा, ज्यांतले सगळे शब्द फंक्शनच्या नावात आधीच आहेत. एवढी छोटी अट स्क्रिप्टला देता येते. उरलेल्या, ज्या फाइलला हात लावाल त्या फाइलपुरत्या, वाचून.

पूर्ण ओळी गेल्या तर उरलेल्या ओळींच्या ब्लेमला (कोणती ओळ कोणी बदलली ते दाखवणारी गिटची सोय) धक्का लागत नाही. कोडाच्याच ओळीच्या शेवटी असलेल्या कॉमेंट काढल्यात तर मात्र ती ओळ तुमच्या नावावर लागते. तसं असेल तर त्या कमिटचा हॅश (ओळखीचा क्रमांक) ब्लेमने दुर्लक्ष करायच्या यादीच्या फाइलमध्ये टाका. गिट २.२३ पासून ती सोय आहे, पण सेटिंग प्रत्येकाला आपापल्या मशीनवर एकदा करावं लागतं. फ्रेशर आले की पहिल्याच दिवशी करून द्या.